मुलासोबत बनवा गिटार अ‍ॅम्पचा फूटस्विच

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीला अ‍ॅम्प म्हणतात. बऱ्याच इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पमध्ये दोन चॅनल असतात. एक स्वच्छ आवाजाचा, त्याला क्लीन म्हणतात. दुसरा फाटका, गुरगुरणारा, तो ओव्हरड्राइव्ह. एकातून दुसऱ्यात जायला पॅनेलवर बटण असतं, पण वाजवताना दोन्ही हात गिटारवर गुंतलेले असतात, म्हणून ते काम पायाकडे द्यायचं. अ‍ॅम्पवर ‘फूटस्विच’ असं लिहिलेलं सॉकेट त्यासाठीच असतं. बऱ्याचदा फूटस्विच अ‍ॅम्पसोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. आणि साधा फूटस्विच उघडून पाहिलात तर आत एक स्विच, एक सॉकेट आणि दोन तारा, एवढंच निघतं.

मुलाला इलेक्ट्रॉनिक्सची पहिली ओळख करून द्यायला यापेक्षा चांगली वस्तू सापडणं कठीण. हाताशी 230 व्होल्ट कुठेच नाहीत, सोल्डरचे (वितळवलेल्या धातूने केलेले) जोड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि काम झालं की नाही हे कानांना लगेच कळतं. दहा वर्षांचं मूल सोल्डरिंगसह जवळपास सगळं करू शकतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला तपासणी, मोजमाप, नट आवळणं आणि रंगकाम द्या. भोकं पाडणं मात्र कोणत्याही वयात मोठ्यांचंच.

बेलचं बटण

गिटारचा आवाज फूटस्विचमधून जातो, असं बऱ्याच जणांना वाटतं. इफेक्ट पेडलमधून, म्हणजे आवाजाचा रंग बदलणाऱ्या पायाजवळच्या पेटीतून जातो, फूटस्विचमधून नाही. मुलाला दाराच्या बेलचं उदाहरण द्या: बटण दाराबाहेर असतं आणि टिंगटाँग घरात वाजतं. बटणातून आवाज जात नाही, ते फक्त दोन तारांची गाठ घालून देतं.

अ‍ॅम्पने फूटस्विच सॉकेटच्या एका तारेवर स्वतःच थोडे व्होल्ट ठेवलेले असतात. ती तार मोकळी असेपर्यंत व्होल्टेज टिकून राहतं. ती ग्राउंडला, म्हणजे सॉकेटच्या दुसऱ्या तारेला टेकली की व्होल्टेज शून्यावर येतं, आतला रिले किंवा ट्रान्झिस्टर (दोन्ही विजेने चालणारे स्विच) ते ओळखतो आणि चॅनल बदलतो. तारेतून आवाज जात नसल्यामुळे डब्यातल्या तारा कितीही वाकड्यातिकड्या गेल्या तरी गुणगुण वाढत नाही. पेडल बनवताना नवशिक्यांची निम्मी शक्ती त्या गुणगुणीशी भांडण्यात जाते. इथे ती डोकेदुखीच नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त घोटाळा याच ठिकाणी होतो. बटणं दोन जातींची असतात. बेलचं बटण दाबलं तेवढाच वेळ जोडतं, बोट काढलं की सुटतं: हे मोमेंटरी. भिंतीवरचं दिव्याचं बटण एकदा दाबलं की तसंच राहतं, पुन्हा दाबेपर्यंत: हे लॅचिंग. टकटक करणारं बॉलपेनही लॅचिंगच. काही अ‍ॅम्पना लॅचिंग स्विच लागतो, तर काहींना, विशेषतः डिजिटल अ‍ॅम्पना, मोमेंटरी. बाहेरून दोन्ही स्विच हुबेहूब सारखे दिसतात. म्हणून आधी अ‍ॅम्पला विचारायचं, मग खरेदीला निघायचं.

अ‍ॅम्पला विचारण्याची रीत

गिटारचीच साधी केबल घ्या, दोन्ही टोकांना 6.35 मिलिमीटरचा जॅक असलेली. जॅक मुलाच्या हातात देऊन नीट पाहायला लावा. अगदी पुढचं टोक म्हणजे टिप. मग एक बारीक काळी पट्टी, ती नुसती इन्सुलेशनची. तिच्यामागचा लांब दांडा म्हणजे स्लीव्ह. काळ्या पट्ट्या दोन असतील तर ती स्टिरिओ केबल. दोन पट्ट्यांमधल्या कड्याला रिंग म्हणतात.

केबलचं एक टोक फूटस्विचच्या सॉकेटमध्ये घाला. सॉकेटवरचं नाव दोनदा वाचा. स्पीकर आउटचं सॉकेटही अगदी याच मापाचं असतं, आणि त्याची टिप-स्लीव्ह एकमेकांना टेकवली तर अ‍ॅम्प जळू शकतो. सॉकेट मोठ्यांनी शोधायचं, मुलाने फक्त खात्री करायची.

मोकळ्या टोकाला कोणीही हात लावण्याआधी मोठ्यांनी मल्टिमीटरने टिप आणि स्लीव्हमधलं व्होल्टेज मोजावं, आधी डीसीवर, मग एसीवर. डीसीवर थोडे व्होल्ट आणि एसीवर जवळपास काही नाही, असं आलं तर पुढे जा. एसीवर ठळक आकडा दिसला तर त्या अ‍ॅम्पने एकाच तारेवर दोन कामं बसवलेली असण्याची शक्यता आहे. त्याच्या फूटस्विचमध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लागतात, इथला साधा आराखडा त्याला चालणार नाही. 24 व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर थांबा. जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये ट्रेमोलोच्या (आवाज लहरता करणाऱ्या इफेक्टच्या) फूटस्विचवर पन्नासेक व्होल्ट असू शकतात, आणि काहींच्या रिव्हर्बच्या (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टच्या) तारेत खरोखरचा आवाज असतो, तिथे शील्डेड, म्हणजे भोवती धातूची जाळी असलेली तारच लागते. असे अ‍ॅम्प मुलाच्या पहिल्या प्रयोगासाठी नाहीत. गोल, अनेक पिनांचं डीआयएन सॉकेट असेल तर तोही वेगळा मामला.

सगळं ठीक असेल तर गिटार जोडा, आवाज कमी ठेवा, पॅनेलवरून ओव्हरड्राइव्ह चॅनल निवडा. काही अ‍ॅम्प पॅनेलवरचं बटण दाबलेलं असेल तरच फूटस्विचचं ऐकतात, काही ते मोकळं असेल तरच. म्हणून दोन्ही स्थितींत करून बघा. आता मुलाला स्टीलचा चमचा द्या. मोकळ्या जॅकवर तो आडवा ठेवायचा, टिप आणि स्लीव्ह दोन्हींना एकदम टेकेल असा. त्याच वेळी तुम्ही एक तार छेडत राहा.

चमचा टेकलेला असेपर्यंत चॅनल बदललेला राहिला आणि उचलताच परत आला, तर लॅचिंग स्विच घ्या. चमचा टेकवून उचलला तरी चॅनल बदललेलाच राहिला, आणि पुन्हा टेकवल्यावर परतला, तर मोमेंटरी. काहीच झालं नाही तर बहुधा स्टिरिओ सॉकेट आहे आणि चॅनलचं काम रिंगवर आहे; स्टिरिओ केबल लावून रिंग आणि स्लीव्ह जोडून बघा. हा प्रयोग घाईने उरकू नका. एका चमच्याने फूटस्विचचं सगळं काम केलं, हे मुलाच्या डोक्यात इथे पक्कं बसलं की पुढचं सगळं त्याला फक्त ‘चमच्याला डबा चढवणं’ आहे हे कळतं.

काय काय लागेल

पुढचा आराखडा लॅचिंगचा, सोबत छोटा दिवा. दिव्याशिवायही फूटस्विच पूर्ण चालतो, पण मुलांना दिवा हवा असतो, आणि त्याच्यामुळे दोन वेगळी सर्किटं एकाच बटणावर कशी चालतात हे दाखवता येतं.

स्विच डीपीडीटी घ्या, म्हणजे एकाच बटणावर दोन वेगळे स्विच असलेला, सहा पायांचा. दुकानात तो नसेल तर नऊ पायांचा, तीन स्विचचा थ्रीपीडीटी बहुधा मिळेल. त्यातले तीन पाय रिकामे सोडायचे. एक मोनो सॉकेट 6.35 मिलिमीटरचं, पॅनेलवर बसणारं, शक्यतो उघड्या बांधणीचं, म्हणजे आतली पाती मुलाला दिसतील. 5 मिलिमीटरचा लाल एलईडी आणि त्याचा होल्डर. 4.7 किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर (रंगपट्ट्या पिवळा, जांभळा, लाल). 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिचं टोपण. एक-दीड मीटर पातळ हुकअप वायर, दोन रंगांत, आणि थोडी हीटश्रिंक नळी (गरम केली की आकसून जोडावर घट्ट बसणारी). मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीच्या बाजूला बहुतेक वस्तू मिळतात. फूटस्विचचं बटण मात्र कधी कधी ऑनलाइनच मागवावं लागतं.

रेझिस्टर 4.7 किलोओहमचाच का? लाल एलईडी सुमारे 2 व्होल्ट घेतो, उरलेले 7 रेझिस्टरवर पडतात. 7 भागिले 4,700, म्हणजे जवळपास दीड मिलिअ‍ॅम्पिअर. खोलीत दिसायला एवढा उजेड पुरतो आणि बॅटरी खूप दिवस टिकते. 1 किलोओहम लावलात तर प्रवाह 7 मिलिअ‍ॅम्पिअर होईल. दिवा झगमगीत, बॅटरी पाचपट लवकर खलास. सातवी-आठवीतल्या मुलाला हा भागाकार स्वतः करू द्या.

डब्याला पेडलचे लोक वापरतात तो ओतीव अ‍ॅल्युमिनिअमचा 1590बी उत्तम, साधारण 112 बाय 60 बाय 31 मिलिमीटर. लाकडाचा मोह होतो, पण जाड फळी चालत नाही: स्विच आणि सॉकेटचे आटे आखूड असतात, पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड पृष्ठभागातून नट बसवायला आटे उरतच नाहीत. पातळ प्लॅस्टिक पायाच्या वजनाने तडकतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात भिंतीत बसवायचे पत्र्याचे बॉक्स मिळतात, तेही चालतील, पण वरून जाडसर पट्टी लावून पत्रा दबणार नाही असं करा.

अनवाणी पाय आणि अर्थिंग

हा भाग वगळू नका. सॉकेटची स्लीव्ह धातूच्या डब्याला टेकलेली असते आणि केबलमधून अ‍ॅम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेली असते. म्हणजे डबा आणि चासी विजेच्या दृष्टीने एकच. आपल्याकडे घरात चपला नसतात. मूल अनवाणी पाय त्या डब्यावर ठेवणार. अ‍ॅम्पचं अर्थिंग शाबूत असेल तर धोका फारच कमी. पण तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकलेली असेल, किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावलेला असेल, तर अ‍ॅम्पमधला एखादा बिघाड थेट पायापर्यंत पोचू शकतो. गिटारच्या तारांनाही हाच नियम आहे. तार छेडताना किंवा डब्याला शिवताना झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घेईपर्यंत अ‍ॅम्प लावू नका.

स्विचचे पाय ओळखणं

स्विच उलटा धरला की सहा पाय दिसतात, तीन-तीनच्या दोन रांगा. प्रत्येक रांगेतला मधला पाय बटण दाबल्यावर कधी एका शेजाऱ्याला जोडला जातो, कधी दुसऱ्याला. कोणत्या दिशेने मोजलं की रांग होते, हे पाहून नेहमी कळत नाही, म्हणून मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि मुलाला शोधू द्या. एक टोक मधल्या पायावर, दुसरं एकेका पायावर. वाजलं तर जोडलेलं. मग टक करून बटण दाबायचं आणि पुन्हा सगळं तपासायचं. कागदावर सहा ठिपके काढून जोडलेल्या ठिपक्यांमध्ये रेघ मारायला सांगा. पहिल्या रांगेला 1, 2, 3 आणि दुसरीला 4, 5, 6 असे आकडे द्या, एकाच स्थितीत 2 हा 1 ला आणि 5 हा 4 ला जोडलेला असेल अशा बेताने.

जोडणी अशी: सॉकेटची टिप 2 ला, स्लीव्ह 1 ला. हे झालं अ‍ॅम्पचं काम. दिव्यासाठी बॅटरीची लाल तार रेझिस्टरला, रेझिस्टरचं दुसरं टोक एलईडीच्या लांब पायाला, आखूड पाय 5 ला, आणि 4 वरून तार बॅटरीच्या काळ्या तारेला. 3 आणि 6 मोकळे. दोन्ही सर्किटं एकाच बटणाने चालतात, पण एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. बॅटरीचे 9 व्होल्ट अ‍ॅम्पकडे जाता कामा नयेत, हा या आराखड्यातला कडक नियम आहे.

दिवा क्लीनला लागेल की ओव्हरड्राइव्हला, हे अ‍ॅम्पवर अवलंबून असतं. उलटं हवं असेल तर 4 वरची एकच तार 6 वर न्या.

डब्याची भोकं

डब्यावर मास्किंग टेप चिकटवा, तिच्यावर पेन्सिलने मध्य काढा. स्विचला 12 मिलिमीटरचं भोक, सॉकेटला 9.5 ते 10, एलईडी होल्डरला त्याच्या मापाचं. खुणा करण्याआधी सगळ्या वस्तू डब्यात ठेवून बघा, आणि सॉकेटमध्ये जॅक खुपसून बघा. जॅक आत गेला की टिपची पाती काही मिलिमीटर बाहेर ढकलली जाते. ती डब्याच्या भिंतीला टेकली तर टिप आणि स्लीव्ह कायमच्या जोडल्या जातात: बटण कितीही दाबा, चॅनल बदलत नाही. घरी बनवलेला फूटस्विच ‘जोड सगळे बरोबर असूनही चालत नाही’ तेव्हा पहिला संशय इथेच घ्यावा. सॉकेट थोडं फिरवा किंवा भिंतीला आतून इन्सुलेशन टेप लावा.

भोकं पाडताना डबा क्लॅम्पमध्ये किंवा व्हाइसमध्ये पकडा, हातात कधीच नाही. मोठा ड्रिल पत्र्यात अडकला की डबाच गरकन फिरतो. सेंटर पंचाने ठोका, 3 मिलिमीटरचं भोक पाडा, मग स्टेप ड्रिलने वाढवा. मूल दोन हात लांब, डोळ्यांवर चष्मा. कडांवरचा बोचरा पत्रा कानशीने घासायचं काम मात्र त्याला द्या.

कल्हई, मग सोल्डर

25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न, स्टँड आणि ओला स्पंज. सोल्डर 60/40 चं, म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं, मधोमध राळ भरलेलं. धूर निघतो तो राळेचा, तो तोंडावर येऊ नये म्हणून खिडकी उघडी आणि पंखा बाजूने. शिसं बोटांना लागतं, म्हणून मधेच खाणं नाही आणि शेवटी साबणाने हात धुणं. शिशाशिवायचं सोल्डर घेतलंत तर उत्तमच, फक्त ते वितळायला जास्त उष्णता लागते आणि नवशिक्याचा जोड खडबडीत येतो.

तांब्याच्या भांड्यांना कल्हई करतात, तसंच तारेला करायचं. टोकाचं पाच मिलिमीटर आवरण काढा, तारा पिळा, आयर्नने गरम करून त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवा. कल्हईवाला भांडं साफ करायला नवसागर वापरतो, इथे ते काम सोल्डरमधली राळ करते. नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स इथे चुकूनही नको, तो तारा कुरतडत राहतो. स्विचच्या पायांनाही अशीच कल्हई करून ठेवा. मग जोडताना तार पायावर टेकवायची, आयर्न लावायचं, दोन सेकंदांत दोन्ही थर एक होतात.

आयर्न कामावर लावायचं आणि सोल्डर कामाला टेकवायचं, आयर्नला नाही. मुलं हमखास आयर्नवर सोल्डरचा थेंब घेऊन तो तारेवर लेपायला जातात. तोपर्यंत राळ जळून गेलेली असते आणि जोड धरत नाही. चांगला जोड चकचकीत असतो आणि पायाला पसरून चिकटलेला दिसतो. राखाडी, दाणेदार, गोळ्यासारखा असेल तर तो थंड जोड, बहुधा गार होताना हात हलला असणार. पुन्हा गरम केला की सुधारतो.

स्विच हलू नये म्हणून जाड पुठ्ठ्याच्या खोक्याला 12 मिलिमीटरचं भोक पाडा आणि तो त्यात उलटा बसवा. एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त आयर्न ठेवू नका आणि दोन पायांमध्ये थोडी विश्रांती द्या. आतलं प्लॅस्टिक मऊ पडलं की बटण वरून टक वाजतं, पण आतला संपर्क अडकून बसतो. असा स्विच दुरुस्त होत नाही.

चाललं नाही तर

डबा बंद करण्याआधी अ‍ॅम्पला न लावता बझरवर तपासा: सॉकेटमध्ये केबल घाला, तिच्या दुसऱ्या टोकाच्या टिप आणि स्लीव्हवर मीटर ठेवा. एका दाबाला वाजलं पाहिजे, पुढच्या दाबाला गप्प. दिवा लागत नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर एलईडी उलटा लागलाय. दिवा लागतो पण चॅनल बदलत नाही, तर दोष अ‍ॅम्पच्या बाजूच्या दोन तारांत किंवा केबलमध्ये. चॅनल बदलतो पण दुसरंच काही, जसं रिव्हर्ब, कायमचं अडकतं, तर अ‍ॅम्पचं सॉकेट स्टिरिओ आहे आणि तुमच्या मोनो जॅकने रिंगला स्लीव्हशी जोडून टाकलंय. तिथे डब्यात स्टिरिओ सॉकेट बसवा आणि स्टिरिओ केबल वापरा. पुढे रिंगवर दुसरं बटण लावता येतं, त्याचं दुसरं टोक पुन्हा स्लीव्हलाच.

दर वेळी बदलताना स्पीकरमध्ये हलकासा ‘टप’ येत असेल तर तो बहुधा अ‍ॅम्पच्या आतला. पॅनेलवरचं बटण दाबूनही येतो का ते बघा. येत असेल तर डबा उघडण्यात अर्थ नाही.

नट दातेरी वॉशर घालून आवळा, नाहीतर केबल ओढली जाताना सॉकेट फिरतं आणि आतल्या तारा तुटतात. बॅटरी फोमच्या तुकड्यात गुंडाळा. तळाला रबराचे चार बूश लावा, गुळगुळीत फरशीवर डबा नुसता सरकत जातो. अनवाणी टाचेला धातूचं बटण टोचतं, त्यावर प्लॅस्टिकच्या बाटलीचं टोपण हॉट ग्लूने बसवलं की मुलाच्या पायालाही ते सहज सापडतं. वाजवून झालं की दिवा विझवून ठेवायचा. आणि तळाशी, मुलाच्याच अक्षरात, एक चिठ्ठी चिकटवा: ‘लॅचिंग, टिप-स्लीव्ह, बॅटरी फक्त दिव्याला’ आणि बॅटरी बदलल्याची तारीख. उद्या हाच डबा मित्राच्या अ‍ॅम्पला लावायची वेळ आली, तर हा डबा कोणत्या जातीचा हे तिथेच वाचता येईल; त्या अ‍ॅम्पला मात्र आधी मल्टिमीटर आणि चमचा लावून बघायचाच.